नितळ पाण्याची तक्रार

कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याचं सांडपाणी शेजारच्या नाल्यात जात असे. ज्या रंगाचं कापड निघे, त्या रंगाचा नाला वाहे. यावर उपाय शोधण्याची जबाबदारी व्यवस्थापनाने प्रयोगशाळेतल्या बाईंवर सोपवली. उपाय सापडावा अशी अर्थातच कोणाची अपेक्षा नव्हती.

बाईंना तो सापडला. केळ्याची साल वाळवायची, भाजायची, भुकटी करायची. टाकीत तिचा जाड थर देऊन त्यातून पाणी सोडायचं. रंग भुकटीला चिकटून बसतो, पाणी नितळ होऊन खाली उतरतं.

"खर्च?" साहेबांनी विचारलं.

"जवळजवळ काहीच नाही."

साहेबांचा चेहरा पडला. "असं कसं चालेल, बाई? निदान नाव तरी भारी द्या."

त्या दिवसापासून सालीचं 'अल्पव्ययी अधिशोषक द्रव्य' झालं आणि परिपत्रक निघालं: सर्व कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत केळी खाऊन द्रव्यनिर्मितीस हातभार लावावा, मधुमेह्यांनी फक्त सोलावीत.

हिशेबनीस काकुळतीला आले. "बाई, घरी जेवण जात नाही हो. बायको विचारते, हल्ली कोणाच्या हातचं खाऊन येता?"

बाईंनी त्यांना अर्ध्या केळ्याची सूट मंजूर केली.

अखेर नाला काचेसारखा नितळ झाला. काठावर उभ्या राहून बाई एकट्याच कितीतरी वेळ हसत होत्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यावर मोर्चा आला. सगळ्यांत पुढे त्यांच्या सासूबाई.

"आई, तुम्ही?"

"अगं, तळ दिसायला लागलाय! आपली जुनी गादी दिसते. समोरच्या डॉक्टरांचा फुटका कमोड दिसतो. पाहुण्यांना गॅलरीत न्यायची सोय राहिली नाही."

"पण गादी आपणच टाकली ना?"

"म्हणून तर आले! इतकी वर्षं कसा छान स्वच्छ नाला होता. तू हात लावलास आणि घाण झाला."

साहेबांनी लोकभावनेचा तत्काळ आदर केला. टाकी बंद, केळी बंद. हिशेबनीसांनी पेढे मिळाल्यासारखा चेहरा करून साधी पोळी खाल्ली. बाईंनी मात्र उरलेली भुकटी बरणीत भरून ठेवली.

सांडपाण्याचा रंग यापुढे नागरिकांच्या मतदानाने ठरेल, असं जाहीर झालं. तळ उत्तम झाकतो म्हणून गडद निळा प्रचंड बहुमताने निवडून आला. विरोधात एकच मत पडलं.

ते आपलंच होतं, असं आता नाल्याकाठचं प्रत्येक घर सांगतं. तुमचंही तेच म्हणणं असेल.