वाकण्यास सक्त मनाई

कमानरावांचा उजवा खुबा भर सेवेत निकामी झाला. खरं नाव अर्थातच वेगळं होतं, पण ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक. साहेबांच्या दारातून आत शिरताना त्यांच्या देहाची जी कमान व्हायची, तिच्यावरून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की बायकोही फोनवर बहिणीशी बोलताना 'आमचे कमानराव' म्हणू लागली. अख्खी नोकरी त्यांनी याच आसनात काढली. साहेब बदलत गेले, कोन तोच राहिला.

आधी मांडीत कळ यायला लागली. मग जिना चढवेना. मग मोजे घालता येईनात, ते बायको घालून देऊ लागली. शेजारी, मेहुणे, व्याही, सगळ्यांनी छातीठोकपणे गुडघ्याचं निदान केलं, कारण प्रत्येकाच्या घरात एक तरी गुडघा बदललेला होता आणि बदललेल्या गुडघ्याविषयी बोलायला माणसाला श्रोता लागतो. दुखतंय ते वर, असं कमानराव कळवळून सांगत. "वरच दुखतं, पण असतो तो गुडघाच," मेहुणे ऐकवत.

शेवटी सर्जननी एक्स-रे उजेडाकडे धरला. "काम काय करता?"

"कार्यालयात. बसून."

"बसून एवढी झीज होत नाही. पोती वगैरे उचलता का?"

"छे हो," बायको म्हणाली. "साहेबांना सांभाळतात."

सर्जननी मान डोलावली. या दुखण्याचे रोगी त्यांनी बरेच पाहिले असावेत. "सांधा पार संपलाय. नवा बसवू. पण एक नीट ऐका, नंतर मी सांगेपर्यंत कमरेतून पुढे वाकायचं नाही. बुटक्या खुर्चीवर बसायचं नाही. वाकलात तर नवा सांधा खोबणीतून निसटेल आणि मग फार पंचाईत होईल."

"अजिबात वाकायचं नाही?"

"अजिबात."

"म्हणजे अगदी थोडंसं, अदबीपुरतं?"

"पापण्या झुकवा," सर्जन म्हणाले.

घरी येताना कमानरावांना रिक्षात खुब्याचा विसर पडला. दुखण्यापेक्षा मोठी चिंता त्यांना लागली होती. उपप्रमुखाची जागा रिकामी झाली होती, ती साहेबांच्या हातात होती, आणि निवृत्ती दारात आली होती. या एका जागेसाठी त्यांनी हा खुबा खर्ची घातला होता. आता आयत्या वेळी आपण पलंगावर पडायचं आणि बाकीच्यांनी साहेबांपुढे मनसोक्त वाकायचं, या विचारानं त्यांना भडभडून आलं.

"वाकू द्या की," बायको म्हणाली. "झिजू देत त्यांचेही."

पण मोजे घालून घेण्याची लाज अखेर जिंकली आणि कमानरावांनी खुबाबदलाचा प्रस्ताव विभागाला सादर केला. विभागानं तो गांभीर्यानं घेतला, म्हणजे बाजूला ठेवला. मग विचारणा आली, की सदर खुबा कार्यालयीन कामकाजात झिजला किंवा कसे, याबाबत स्वयंस्पष्ट अभिप्राय सादर करावा. कमानरावांनी लिहिलं, 'वरिष्ठांच्या समक्ष झिजला.' यावर कुणाला आक्षेप घेता येईना, कारण सगळे वरिष्ठ साक्षीदार होते.

पुढची अडचण भांडारपालानं काढली. विभागाच्या खर्चानं नवी वस्तू हवी असेल तर जुनी आधी भांडारात जमा करून तिचं निर्लेखन करून नाव वहीतून खोडावं लागतं, हा नियम. जुना खुबा काढल्याशिवाय जमा कसा करणार, असं कमानरावांनी विचारलं. नवा मंजूर झाल्याशिवाय जुना काढताय कशाला, असं भांडारपालानं विचारलं. दोघांचंही बरोबर होतं. अखेर मध्यम मार्ग निघाला आणि कमानरावांनी जुना खुबा स्वतःसकट भांडारात हजर केला. मोडके पंखे आणि पायतुटकी कपाटं यांच्यामध्ये ते एका टेबलावर आडवे पडले. भांडारपालानं पट्टीनं दोनदा ठोकून पाहिलं, कमानराव दोन्ही वेळा ओरडले, आणि त्यानं शेरा मारला, 'पाहिला. आवाज येतो. निरुपयोगी.'

ऑपरेशन मात्र झकास झालं. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं गेलं. व्यायाम घेणारी बाई मोठी खमकी होती. "मान वर, छाती पुढे, समोर बघा," ती दरडावायची, आणि या वयात हे नवीनच काहीतरी करताना कमानराव घामाघूम व्हायचे. घरी बायकोनं संडासाची बैठक उंच करून घेतली, सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या, दोन पायांमध्ये ठेवायला जाडजूड उशी शिवली.

"वाकायचं नाही म्हणजे तुला फार त्रास," एकदा कमानराव ओशाळून म्हणाले.

"मला कसला त्रास? घरात कधी वाकला होतात तुम्ही?"

यथावकाश ते काठी टेकत कामावर रुजू झाले. साहेबांच्या खोलीत शिरताना जुन्या सवयीनं कंबर सैल पडू लागली, तोच सर्जनचे शब्द आठवले आणि ते दारात खांबासारखे उभे राहिले. "नमस्कार, साहेब," त्यांनी पापण्या झुकवल्या. बसलेल्या साहेबांना त्यांच्याकडे मान वर करून बघावं लागलं. साहेबांच्या कारकिर्दीत असा प्रसंग आलेला नव्हता.

खुर्चीचंही तसंच झालं. खुर्च्यांची उंची पदाप्रमाणे ठरलेली होती आणि कमानरावांच्या पदाला साजेशी खुर्ची सर्जनच्या हिशोबानं बुटकी होती. पुरेशी उंच खुर्ची थेट उपप्रमुखाचीच. "खुबा विभागानं दिला, आता खुर्चीही द्यायची का?" भांडारपाल म्हणाला. तेव्हा कमानराव उभ्यानंच काम करू लागले. सगळं कार्यालय बसलेलं आणि मधोमध हा एक माणूस ताठ उभा, हे दृश्य फार दिवस कुणाला सोसणारं नव्हतं.

कुजबुज सुरू झाली. खुबा बदललाय, डॉक्टरांनी मनाई केली आहे, हे कमानराव जो भेटेल त्याला सांगत होते. पण त्या कार्यालयात अर्जावर लिहिलेल्या कारणावर आजवर कुणी विश्वास ठेवला नव्हता, कारण आपण स्वतः काय लिहितो हे प्रत्येकाला ठाऊक होतं. माणूस वाकत नाही याचा अर्थ एकच. याचा वरती कुणीतरी बसला आहे. झालं, एकेक जण येऊन कमानरावांची विचारपूस करू लागला. येताना जरासा वाकून. मग जरा जास्तच. बाहेरून कामं घेऊन येणारी माणसं साहेबांच्या दारावरून पुढे येऊन थेट त्यांच्या टेबलाशी कमरेत वाकू लागली.

आणि खरं सांगायचं तर कमानरावांना मजा वाटू लागली. इतकी वर्षं ते लोकांना चपलाबुटांवरून ओळखत होते. आता समोरून चेहरे दिसायचे. काहींचे अगदीच बावळट होते. आपण यांना घाबरत होतो, या विचारानं त्यांना आतल्या आत हसू फुटायचं. खुबा तर दुखत नव्हताच, पण आणखी कुठेतरी पूर्वी दुखत होतं तेही थांबलं होतं.

एक दिवस साहेबांनी त्यांना बोलावून दार लावून घेतलं.

"हे जे तुमचं चाललंय," साहेब म्हणाले, "ते वरून सांगितलंय का?"

"हो साहेब. सक्त ताकीद आहे."

"वाकू नका म्हणून?"

"कुणापुढेच नाही. अगदी तुमच्यापुढेही नाही, असं मी मुद्दाम विचारून घेतलं."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "माझं नाव निघालं होतं?"

"निघालं होतं. नावही सांगू का त्यांचं? मोठा माणूस आहे. माझं सगळं त्यांच्याच हातात."

"नको, नको," साहेब घाईघाईनं म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही, एवढं फक्त त्यांच्या कानावर घाला."

कमानरावांनी पुढच्या तपासणीत ते सर्जनच्या कानावर घातलं. सर्जननी पाय हलवून पाहिला आणि आणखी महिनाभर तरी वाकायचं नाही असं बजावलं.

त्याच आठवड्यात उपप्रमुखपदाची घोषणा झाली. आयुष्यभर वाकून जे मिळालं नव्हतं, ते काही आठवडे ताठ राहून मिळालं. सभागृहात छोटासा समारंभ ठेवला. साहेबांनी 'स्वाभिमान' या विषयावर बरंच लांबलचक भाषण केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नियुक्तीचा आदेश हातात घेऊन साहेब पुढे झाले. त्यांनी तो घाईनं पुढे केला. कागद सुटला, गिरकी घेत खाली आला आणि बरोब्बर साहेबांच्या पायाशी पडला.

तो उचलायला माणसं होती. आता कमानरावांच्या एका नजरेसरशी कुणीही उचलून दिला असता. सर्जनही आठवले, व्यायामवाल्या बाईचं दरडावणंही आठवलं. पण साहेबांच्या पायाशी काहीतरी पडलेलं कमानरावांच्या देहाला बघवलं नाही. देहानं त्यांना न विचारता कमान केली, पूर्वीइतकीच सुबक, पूर्वीइतकीच खोल. टक् असा आवाज झाला आणि कमानराव आदेशाच्या शेजारी आडवे झाले. पाय भलत्याच दिशेला वळला होता. त्यांना ओरडताही येईना.

सभागृहात कुणी हललं नाही. खाली पडलेल्या माणसाकडे बघून साहेबांना आता एक गोष्ट कळून चुकली होती. हा वाकला, म्हणजे याचा वरती कुणीही नव्हता. साहेबांचा चेहरा हळूहळू पूर्ववत झाला.

"अरे, बघताय काय," साहेब म्हणाले. "उचला."

त्याबरोबर सात-आठ जण एकदम कमरेत वाकले. डोक्यावर डोकी आपटली. त्यांनी कागद उचलला, त्यावरची धूळ फुंकली, दुमडलेला कोपरा सरळ केला आणि दोन्ही हातांनी साहेबांना परत दिला. मग सगळे अदबीनं मागे सरकले. कमानराव होते तिथेच राहिले. त्यांच्यासाठी वाकायला सांगितलंय असं कुणाला वाटलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं, आम्ही तिथे असतो तर कागद राहिला बाजूला, आधी त्या बिचाऱ्याला उचललं असतं. खरं आहे. सभागृहातल्या प्रत्येकानं त्या संध्याकाळी घरी जाऊन नेमकं हेच सांगितलं.