मथुराचं बाळंतपण

शालिकरामने आयुष्यात एकच थाप मारली, आणि तीही त्याला धड निभावता आली नाही.

बायको गेल्यावर चार वर्षांच्या हिराला घेऊन तो भंडाऱ्याकडून भिलाईला आला आणि कारखान्यात लागला. ओळखीचं कुणी नव्हतं. शिफ्टवर जाणाऱ्यांची पोरं सांभाळायला कामगार वसाहतीच्या सेक्टरातल्या बायांनी एका क्वार्टरात केंद्र काढलं होतं. तिथल्या तुळसाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पोरीची माय कुठी हाय?"

बायको नाही म्हटलं, तर एकट्या बाप्याला पोर झेपायची नाही, गावी धाडून द्या, असं सगळ्या म्हणतील. हिरा गेली, तर आपल्याजवळ उरलंच काय? तो म्हणाला, "गावाले गेली."

तीन महिन्यांनी तुळसाबाईंनी पुन्हा छेडलं, "भांडून गेली का, भाऊ?"

मथुरा कुणाशी वर आवाज करून बोलली नव्हती. गेलेल्या माणसावर हा आळ त्याला सोसवेना. "नाई जी! बाळंतपणाले गेली."

"कितवा लागला?"

"पाचवा," त्याने मुदत जरा लांबची घेतली.

मग रोजच चौकशी सुरू झाली. शिफ्टमध्ये दिवसभर मुका राहणारा शालिकराम केंद्रात अर्धा अर्धा तास बोलू लागला. मथुराला चिंच लागते, मथुरा झोपेत हसते. काही आठवून सांगे, काही रचून. पण महिने कुणासाठी थांबत नाहीत. दहावा लागल्यावर त्याचा नाइलाज झाला. "पोरगं झालं," म्हणत त्याने पावर हाउसच्या बाजारातून पेढे आणून वाटले. पेढा घेताना एकही बाई हसली नाही, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

सव्वा महिना झाला, तशा तुळसाबाई डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. आता रचायला काही उरलं नव्हतं.

"बाई, मथुरा नाई हो. पोरगंबी नाई. मागच्या चैतात बाळंतपणातच दोघं एका दिवशी गेले." त्याने हिराला जवळ ओढलं. "इले गावाले धाडा म्हनू नका."

"कोन धाडते? आमाले ठाऊक हाय. माही माय मेली म्हनून हिरानं पहिल्याच दिवशी सांगतलं."

"मंग कावून इचारत होत्या?"

"तुमी दुसरं काई बोलतच नव्हते."

शालिकराम खाली बसला आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडला. हिरा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तुळसाबाईंनी त्याला पोटभर रडू दिलं, मग डबा पुढे सरकवला.

"डिंकाचे लाडू हायत."

"हे तं बाळंतिनीचे, बाई."

"अन् वरीसभर पोरीची माय कोन झालं होतं? गालं पाहा कसे बसले. खा."

त्याने लाडू फोडला, अर्धा हिराला दिला, अर्धा तोंडात घातला. मग तो पाण्याच्या लोट्याकडे वळला.

"भाऊ," तुळसाबाई दरडावून म्हणाल्या, "लाडवावर थंडं पानी नाई प्याचं. कोमट करून देतो."