मोबाईलची सुबक आकृती

एका जंगलात, फार लांब नाही बरं का बाळांनो, ओढा ओलांडला की लगेच, एक शाळा होती. तिथे टिटवीबाई विज्ञान शिकवायच्या. रात्री मात्र पाय वर करून झोपायच्या. आभाळ पडलं तर धरायला नको का कुणी!

एकदा राजवाड्यातून पेटीभर मोबाईल आले. सोबत हुकूम आला. यापुढे विज्ञान मोबाईलवर शिकवा. जो शिकवणार नाही त्याची बदली डोंगरापलीकडे!

शाळेच्या मैदानात, खड्यांमध्ये बाईंनी अंडी घातली होती. पिल्लं थोड्याच दिवसांत बाहेर यायची होती. अंडी काय ट्रंकेत भरून बदलीच्या गावी नेता येतात?

"मग वाटा की मोबाईल पोरांना!" शेजारची साळुंकी म्हणाली. (तिनेच मला हे सगळं सांगितलं. मी आपणहून कुणाच्या घरात डोकावत नाही.)

"वाटते गं! पण काच फुटली तर जबाब कोण देणार? आणि पोरांनी माझ्याआधी उत्तर शोधलं, तर मी वर्गात बसून काय, अंडी उबवू?"

मोबाईल गेले कपाटात. किल्ली बाईंच्या गळ्यात. मग बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर हा एवढा मोठा मोबाईल काढला.

"वहीत काढा. आकृती सुबक हवी. भागांना नावे द्या."

"बाई, खरा दाखवा ना!" माकडाचा झिपऱ्या कळवळला.

"आधी व्याख्या पाठ कर, मेल्या!"

आणि एक दिवस गवेसाहेब तपासणीला आले.

"काय रे, मोबाईलवर काय शिकलात?"

"मोबाईलवर नाही, साहेब," झिपऱ्या ताडकन उठला. "आम्ही मोबाईल शिकलो!"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "ज्या साधनाने लांबचे जवळ येते व जवळचे लांब जाते, त्यास मोबाईल म्हणतात!"

"शाब्बास! आता शास्त्रीय कारण द्या. मोबाईलला हात लावू नये."

"कारण किल्ली बाईंकडे आहे!"

बाईंनी डोळे मिटले. संपलं सगळं!

"उघडा ते कपाट," साहेब गुरगुरले.

आत मोबाईल ओळीने बसलेले. चकचकीत. काचेवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नाही.

साहेबांनी एकेक मोबाईल उलटसुलट करून पाहिला. "एकावरही ओरखडा नाही हो! नाहीतर तो पलीकडच्या शाळेतला मुंगूसमास्तर! पोरांना मोबाईल देऊन डबक्यावर नेतो. बेडकाच्या पिल्लाला पाय कसे फुटतात, त्याचं म्हणे चित्रीकरण! सगळ्या मोबाईलना चिखल. वर पोरं असले प्रश्न विचारतात, की मलाच उत्तरं येईनात!"

"अगंबाई! मग हो?"

"मग काय! त्याचीच बदली केली."

मुंगूसमास्तर डोंगरापलीकडे निघाला, तेव्हा त्याची पोरं डोंगराच्या पायथ्यापर्यंत रडत गेली. इकडे टिटवीबाई आदर्श शिक्षिका झाल्या, आणि त्याच दुपारी अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. बाई आनंदाने नाचल्या, पिल्लांना ओळीने बसवलं आणि पहिला धडा दिला, "कशालाही हात लावायचा नाही!"

पिल्लांना हात नव्हतेच. सगळी पहिल्या नंबराने पास झाली.

तात्पर्य : बाळांनो, वापरली की वस्तू झिजते. म्हणून मोबाईल जपून वापरावा, आणि डोकं तर मुळीच वापरू नये.