उरलेला पैसा

विनू बांगड्यांचा भाव पैशांत करतो. "वीस हजार पैशांक वाटो देतंस?" म्हटले की मासेवाली टोपली झाकून घेते.

हा आमचा शेजारी, पस्तिशीचा, एकटा. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. रेंज आमच्याच पडवीत येते, म्हणून दिवसभर तिथे असतो. बसतो म्हणवत नाही, दोन ओळी लिहून झाल्या की विहिरीपर्यंत जाऊन येतो. मी चौथी शिकलेली आणि मध्ये बोलत नाही, म्हणून सगळे मलाच समजावतो.

म्हणतो, प्रोग्रॅममध्ये रुपये टिंब देऊन, साडेदहाला १०.५० असे, ठेवू नयेत, मशीन अंदाजाने धरते आणि पैसा गळतो. पैसे करून अख्खा आकडा ठेवावा. शेजारच्या रकान्यात चलन लिहावे, रुपया की दिरहम. "नुसत्या आकड्याक गाव नाय, काकी."

यंदा त्याला एक काम मिळाले, रापणीच्या हिशेबाचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी ओढायचे जाळे. मासळी विकली की दोरी ओढणाऱ्यांना सारखे पैसे. ओढणाऱ्यांच्या नावांची यादी घालून ही वाटणी प्रोग्रॅमने करायची. प्रोग्रॅम झाला, पण विनू देईना. शंभर रुपये तिघांत वाटले की एक पैसा उरतो, तो कोणाचा? विहिरीची वाट झिजली. रापणीचे प्रमुख बाबलकाका बजावून गेले, पैसा दर्यात टाक, पण रविवारी दिले नाहीस तर काम सावंतवाडीच्या माणसाला.

सुंगटे, म्हणजे कोळंबी, सोलता सोलता मी भीत भीत म्हटले, पूर्वी वाटे घालून बांगडा उरला की तो दोरी ओढायला माणूस नसलेल्या घरी जाई. तसेच कर.

विनू चक्क बसला.

"म्हायत आसा. बापूस गेलो तेव्हा तो बांगडो तूच आमच्या दारात ठेवन जायस. हाक मारूक पण लाजायस." मग म्हणाला, "पण ह्या यादीत ओढणाऱ्यांचीच नावां आसत."

मी म्हटले, मग एक ओळ वाढव.

रविवारी बाबलकाकांनी यादी वाचली. उरलेले पैसे साठवायचे आणि बांगड्याच्या भावाएवढे झाले की एका घरी बांगडा पोचवायचा, असे खाली लिहिले होते. काकांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. "ऱ्हवांदे," म्हणाले, आणि प्रोग्रॅम ठेवून घेतला.

ते गेल्यावर मी यादी पाहिली. आमचे हे गेल्यापासून आमच्याकडूनही दोरीला कोणी नाही. शेवटच्या ओळीत माझे नाव होते. पुढे आकडा, एक. आणि चलनाच्या रकान्यात विनूने लिहिले होते, बांगडो.