रुसलेल्या काकांची हुग्गी

मुलांनो, समजा, तुमच्या घरी काल आत्याचा साखरपुडा झाला आणि आज सकाळी मानाचे सगळे पाहुणे संडासापुढं रांगेत उभे आहेत. प्रत्येकाच्या हातात टमरेल आणि तोंडी एकच नाव, तुमच्या आजीचं. कसं वाटेल?

उमरग्याच्या छोट्या शिवप्रियेला तसंच वाटत होतं. तिच्या इरम्मा अज्जीची हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, आजवर वाखाणलीच गेली होती. आता नवऱ्याकडचे म्हणत होते, खिरीतच काहीतरी होतं. सगळ्यांत मोठा आवाज सोमलिंग अज्जांचा. स्वतः चहाशिवाय काही न पिणारे अज्जा बायकोला बोल लावत होते आणि पाहुण्यांना तरतरी यावी म्हणून कालच्याच बर्फाचं लिंबू सरबत पाजत होते. पाहुणे पीत आणि पुन्हा रांगेत जात.

अज्जीनं हुग्गीचा डाव धुऊन फडताळावर टाकला. "आता ह्यो डाव म्या हातात धरायची न्हाय," एवढंच ती म्हणाली.

दुपारी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर दीपमाला आल्या. त्यांनी जलसंजीवनीच्या पुड्या दिल्या आणि काल काय काय खाल्लं ते विचारलं. जो तो म्हणे, हुग्गी. मग त्या शिवप्रियेला म्हणाल्या, "आजारी माणसं पुष्कळ भेटली. आता जेवूनही ठणठणीत असलेला कुणीतरी शोधून आण बघू."

शिवप्रियेनं शिवपुत्रकाकांना आणलं. हे नवऱ्या मुलाचे काका. टॉवेल-टोपी द्यायची राहिली म्हणून काल रुसून शेवटच्या पंगतीला बसले होते.

"हुग्गी खाल्ली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"रागाच्या भरात लई खाल्ली," काका म्हणाले.

"मग काय घेतलं नाही?"

काकांचा चेहरा पुन्हा फुगला. "सरबत. ते मानाच्या माणसांनाच व्हतं. आमाला कोण इचारतंय?"

सगळ्यांच्या नजरा अज्जांच्या सरबताच्या कळशीकडं वळल्या.

"अज्जा, बर्फ कुठनं आणला?" शिवप्रियेनं विचारलं.

"हायवेवर ट्रक थांबला व्हता. फुकट दिला बिचाऱ्यानं."

"ट्रकात काय व्हतं?"

अज्जा जरा घुटमळले. "वास मासळीवानी येत व्हता. म्हणून तर लिंबू जास्त पिळलं."

त्या घरात कधी अंडंसुद्धा शिरलं नव्हतं. दोघे-तिघे पाहुणे नुसतं ऐकूनच रांगेकडं धावले.

"बर्फाची तपासणी होईलच," डॉक्टर म्हणाल्या, "पण निकालाची वाट बघत बसायचं नाही. सरबत आत्ता बंद."

शिवप्रियेनं कळशी मोरीत पालथी केली. मग स्टुलावर चढून तिनं फडताळावरचा डाव काढला आणि थेट अज्जांच्या हातात ठेवला.

"घ्या," ती म्हणाली, "अज्जीला तुमीच द्या."