अंगाला लागणारी पावडर

"यंदा माझ्या कोंबड्यांपुढे शहामृग चिमणी दिसेल," असं शंकासुर बायकोला म्हणाला, तेही दाराला कडी घालून, कानात. त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि हे नाव नेमकं कोणी ठेवलं याबद्दल त्याचा दहा जणांवर संशय होता.

पोल्ट्रीला पिल्लं कंपनी द्यायची, वाढवायची त्याने, वजन भरलं की न्यायची कंपनीने. गेल्या खेपेला वजन भरलं नाही. कंपनीच्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं, "या वेळी कोंबडी दोन किलोची झाली नाही, तर पुढची पिल्लं शेजाऱ्याला." वर पावडरचे डबे दिले. पाण्यात मिसळायची, खाल्लेल्या दाण्याची चरबी न होता ताकद आणि मांस होतं म्हणे.

शेंबड्या पोरालाही जमेल असं काम. पण शंकासुराने आधी सगळ्या डब्यांची लेबलं खरवडून काढली. का, तर शेजारी वाचेल. शेजाऱ्याला चष्म्याशिवाय स्वतःचं घर सापडत नसे, ते सोडा. मग त्याने मेव्हण्याला बोलावलं. शेडचं सगळं काम मेव्हणाच ओढायचा.

"दाजी, हे काय?"

"विचारायचं नाही."

"पण करायचं काय त्याचं?"

"हळू बोल. कोंबड्यांच्या अंगाला लागलं पाहिजे. बस्स. एकही सुटता कामा नये."

"एकेकीच्या?"

"एकेकीच्या. आणि कोणी बघताना नाही."

मेव्हण्याने मान डोलावली.

डबे भराभर संपू लागले. कोंबड्या मात्र होत्या तशाच. मेव्हण्याचे दंड भरले, गाल वर आले, भूक दुप्पट झाली. जेवताना शंकासुर स्वतःचं ताट सोडून त्याच्या दंडांकडे टक लावून बसायचा.

"अहो, दृष्ट लागेल माझ्या भावाला," बायको म्हणाली.

"दृष्ट कसली, पावडर लागलीय. कोंबड्यांच्या अंगाला लागायची ती याच्या लागतेय."

"कोंबड्यांचं औषध कोण खाईल?"

"फुकट मिळालं तर माणूस काहीही खातो."

"अनुभवाचे बोल वाटतं."

दुसऱ्या दिवशी त्याने मेव्हण्याला कोंबड्यांच्या काट्यावर चढवलं.

"मला कशाला, दाजी?"

"काटा तपासतोय."

काटा ठणठणीत होता. मेव्हणा चांगलाच वाढला होता. शंकासुराला आणखी पुरावा नको होता. वजनाच्या आदल्या दिवशी त्याने हाताला पिशवी बांधून शेवटच्या डब्यात खाजकुइलीची कुसळं कालवली. चोर बोकणा भरेल आणि गावभर जीभ खाजवत फिरेल.

सकाळी मेव्हणा दारात उभा. दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक, करकरा खाजवतोय.

"सापडलास," शंकासुर म्हणाला.

"मी हरवलोच कधी होतो? आधी शेडमध्ये चला, डॉक्टर आलेत."

शेडमध्ये प्रलय होता. कोंबड्या खांबाला पाठ घासत होत्या, भिंतीला पोट घासत होत्या, काही नुसत्याच एका पायावर उड्या मारत होत्या. गादी फाटल्यासारखी पिसं उडत होती. काट्यावर एकही टिकेना, आणि टिकली ती दीड किलोच्या पुढे सरकेना.

"काय लावलंय यांना?" डॉक्टरने विचारलं.

"तुमचीच पावडर," मेव्हणा म्हणाला. "रोज लावतो. एकेक उचलायची, चोळायची, पंखाखालीसुद्धा. दंड भरून आले बघा उचलून उचलून."

"चोळायची?"

"दाजी म्हणाले, अंगाला लागली पाहिजे."

डॉक्टर शंकासुराकडे वळला. "अहो, अंगी लागायला ती आधी पोटात जावी लागते. लेबलवर लिहिलं होतं की."

मेव्हण्याने लेबल खरवडलेला डबा डॉक्टरपुढे धरला.

"आणि ही खाज कसली?"

शंकासुराने कुंपणाकडे बोट दाखवलं. "शेजाऱ्याचं काम. माझा पहिल्यापासून संशय होता."

"मग काल हाताला पिशवी बांधून डबा कोण ढवळत होतं?" बायकोने मागून विचारलं.

पुढची पिल्लं शेजाऱ्याकडे उतरली. गाडी शंकासुराच्या फाटकावरूनच गेली. पाठोपाठ मेव्हणाही तिकडे कामाला लागला. म्हणाला, "तिथे काय करायचं ते सरळ मराठीत सांगतात."

रिकाम्या शेडच्या दारात शंकासुर बसून होता. बायको चहा घेऊन आली.

"कोंबड्यांच्या अंगी लागलं नाही ते नाहीच," ती म्हणाली, "तुमच्या मात्र अंगलट आलं."

शंकासुराने कप खाली ठेवला आणि तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"हे वाक्य तुला कोणी शिकवलं?"