अळणी हंगाम

सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या मी नेमानं धरते. त्यामुळं एका फुटबॉल संघाकडून हंगामात एक गोल करून घेणं म्हणजे अगदीच किरकोळ काम, असं मला मनापासून वाटलं होतं!

खरं तर मी भोरजवळच्या आमच्या छोट्या कॉलेजात ग्रंथपाल. खेळाच्या सरांची बदली झाली आणि फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक जिच्या कपाटात, तीच मुख्य प्रशिक्षक, असा न्याय प्राचार्यांनी केला. वर म्हणाले, "गेल्या वर्षी एकही गोल नाही. यंदाही झाला नाही तर संघ बंद! मैदानावर दुचाक्या लावू."

कप्तान रायबाचं तोंड एवढंसं झालं. डोंगरातल्या वाड्यांवरून तासभर चालत येणारी पोरं ती. मेंढरांमागं पळून पायात अशी ताकद, की लाथ हाणली तर चेंडू नदीपलीकडं जावा! फक्त गोलात जात नसे.

मला राहवलं नाही. म्हणाले, "घाबरू नका रे. पहिला गोल होईस्तोवर मी देवीच्या नावानं अळणी जेवेन."

सोडायला आधी तोंडी चहाची साखर आली होती, पण ती वेळेत आवरली. दोन चमचे साखरेचा चहा ही माझी एकुलती एक चैन. आणि मीठ काय, चारच दिवसांचा प्रश्न होता!

पहिला सामना तीन-शून्य गेला. दुसरा चार-शून्य.

अळणी जेवणारीनं दोन-दोन भाज्या कशाला करायच्या, म्हणून घरात सगळंच अळणी झालं. आमचे हे एसटीत कंडक्टर. ते तिकिटांच्या पिशवीत मिठाची पुडी ठेवू लागले आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला आपलं दुःख सांगू लागले. बातमी किकवीला उतरली तेव्हा मी उपाशी होते. वेल्ह्याला पोचेपर्यंत निर्जळी!

तिसरा सामना किकवीला. तिथं रायबाची आजी ठकुबाई काठी घेऊन हजर.

"मेल्या, बाईंनी अन्नपानी सोडलंय आन् तुला एक गोल व्हईना?"

"आजी, मी जेवते हो," मी हळू आवाजात म्हणाले.

"बगा, आवाज बी निघंना माउलीचा!"

झालं! शिट्टी वाजताच आमचे अकराच्या अकरा पुढं धावले. मी विचारलं, "रायबा, आपल्या गोलात कुणीच कसं नाही?"

"गोलकीपर बी गोल करायला आलाय, बाई! तुमाला जगवायचंय न्हवं!"

नऊ-शून्य.

शेवटचा सामना वेल्ह्याला. मध्यंतराला चार-शून्य. पोरं तोरण्याकडं तोंड करून, हात जोडून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, चला, संघाला शिस्त लागली!

सामना संपायला थोडा वेळ उरला असताना आमचा अमृत चेंडू घेऊन थेट गोलापुढं पोचला. समोरचा गोलकीपर, स्वरूप नावाचा पोरगा, चक्क बाजूला झाला आणि माझ्याकडं बघून ओरडला, "बाई, माजी आय बी उपास धरती. मला न्हाई बघवत. घ्या गोल आन् जेवा!"

भिक्षेचा गोल! असल्या गोलानं सुटलेला नेम देवीला कसा चालेल? जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी किंचाळले, "अमृत, थांब!"

पोरगं आज्ञाधारक. रेषेपासून वीतभर अंतरावर चेंडूवर पाय ठेवून उभं राहिलं!

रायबा गोलाच्या तोंडाशीच होता. तो गर्रकन माझ्याकडं वळला. "बाई, आवो संघ बंद व्हईल आमचा! मैदानावर दुचाक्या लावतील!"

"लावू देत. पण गोल आपला पाहिजे!"

"आपलाच व्हता की वो!"

तेवढ्यात त्यांचा एक खेळाडू धावत आला. त्यानं अमृतच्या पायाखालचा चेंडू ओढून बाहेर काढला आणि संकट टाळायला जिवाच्या आकांतानं हाणला. तो सणसणत गेला तो माझ्याशी भांडणाऱ्या रायबाच्या पाठीवर, आणि तिथून उसळून थेट जाळ्यात!

पंचांनी शिट्टी वाजवली. गोल!

पायानंच झाला पाहिजे, असं मी देवीला कुठं म्हटलं होतं?

चार-एकनं हरून आमची पोरं गुलाल उधळत नाचली. जिंकलेले बिचारे बघतच राहिले. सामना बघायला आलेले प्राचार्य म्हणाले, "राहू दे संघ." वेल्ह्याच्या गाडीवर आलेल्या ह्यांनी पिशवीतली पुडी सोडली. मी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. पाठोपाठ कुणीतरी वाफाळता चहा आणला. मी कप ओठाला लावणार...

"बाई, थांबा!" रायबानं कप काढून घेतला. "ह्यात साखर हाय."

"मग?"

"मध्यंतराला आमी गडावरच्या मेंगाईदेवीला नवस बोललोय. आज गोल व्हऊ दे, मग फुडल्या साली पयला सामना जिंकेस्तोवर साखर बंद!"

माझा ऊर भरून आला. "अरे, कशाला रे पोरांनो? तुमचं खायचं-प्यायचं वय..."

"आमची न्हाई वो, तुमची! आमाला कुठं जमतंय? तुमाला सवय हाय!"

पुढचा हंगाम आठ महिन्यांनी सुरू होतो. तोवर वाचनालयात बसून मी नियमांचं पुस्तक पाठ करते आहे, बिनसाखरेचा कडू चहा पीत. परवाच कळलं, प्रत्येक बाजूला गोलकीपर एकच असतो, आणि त्यानं शक्यतो गोलातच थांबायचं असतं!